सुटणारी मदत, टिकणारी सोय

डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया या वाचन, लेखन आणि गणितातल्या अध्ययन अक्षमता, लक्ष टिकवणे आणि हालचाल आवरणे कठीण करणारी एडीएचडी ही अवस्था आणि स्वमग्नता असा मिळून एक मोठा गट होतो. या गटातल्या मुलांना आता न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते. या अवस्था औषधाने बऱ्या होणारे आजार नाहीत. मेंदूची जडणघडणच वेगळ्या रीतीने झालेली असते. एकाच मुलात दोन-तीन अवस्था एकत्र असणे नेहमीचेच आहे. वाचताना अडखळणारे मूल चंचलही असते, स्वमग्न मुलाचे अक्षर गिचमिड असू शकते. म्हणून निदानाचे नाव हाती आल्यावरही मूल दिवसभरात नेमके कुठे अडते, हे पाहण्याचे काम पालकांना आणि शिक्षकांना करावेच लागते.

अशा मुलांच्या घरांत मदतीची दोन टोके दिसतात. एका घरी आई दप्तर भरते, वह्या पूर्ण करते, आजी घास भरवते आणि मूल बारा वर्षांचे झाले तरी बुटाची नाडी बाबाच बांधतात. दुसऱ्या घरी ‘सवय लागली पाहिजे’ म्हणून सगळी मदत एकदम काढून घेतली जाते आणि मूल रोज हरते. दोन्ही घरांत एक निवाडा राहून गेलेला असतो. कोणती मदत पुढेमागे सुटायची आहे आणि कोणती कायम राहायची आहे, हे तिथे कुणी ठरवलेले नसते. नाडी बांधणे, दप्तर भरणे, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे यांतली मदत सुटणारी आहे. ती सुरू करतानाच कमी कशी करत न्यायची ते ठरवावे लागते. परीक्षेतला जादा वेळ, गोंगाटात कानावर लावलेला हेडफोन, न बोलणाऱ्या मुलाच्या हातातला चित्रांचा तक्ता या टिकणाऱ्या सोयी आहेत. चष्मा लागलेल्या मुलाला चष्म्याविना फळा वाचायची सवय कुणी लावत नाही, तसेच हे. सोय काढून घेतली की मूल शिकत नाही आणि मदत सुटली नाही की मोठे होत नाही. स्वावलंबनाचा सारा खटाटोप या दोहोंची गल्लत टाळण्यात आहे.

भोपाळमधली तपासणी

तपासणीची सुरुवात कान आणि डोळ्यांपासून करावी. कमी ऐकू येणारे मूल हाकेला वळत नाही आणि भलताच शिक्का घेऊन बसते. त्यानंतर विकासाची तपासणी येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे विनामूल्य होते. भोपाळमध्ये हे केंद्र जयप्रकाश रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जे. पी. हॉस्पिटलात आहे. एम्स आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय या दोन ठिकाणी बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत. पिपलानीजवळ खजुरी कलां येथे केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे; ते मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेशी जोडलेले असून वाचा, श्रवण, मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या सेवा एका छताखाली मिळतात. भेल या सरकारी कंपनीच्या वसाहतीतल्या कुटुंबांना हे हाकेच्या अंतरावर आहे, पण कित्येकांना ते ठाऊकच नसते. जवळच्या सीहोर जिल्ह्यात राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था उभी राहिली आहे. ‘दिग्दर्शिका’ आणि ‘आरुषि’ या भोपाळमधल्या जुन्या संस्था. भोपाळ वायुदुर्घटनेची झळ बसलेल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४ च्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराच्या पैशातून उभा केलेला ‘चिंगारी ट्रस्ट’ फिजिओथेरपी, वाचोपचार आणि विशेष शिक्षण देतो.

खासगी थेरपी केंद्रांचे पेव आता भोपाळातही फुटले आहे. तिथे जाण्यापूर्वी स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोचाचे काही कारण नाही. आणखी तीन प्रश्न विचारावेत. येत्या तीन महिन्यांत कोणती एक गोष्ट मूल स्वतः करू लागेल? पालकांना खोलीत बसून पाहू दिले जाईल का? ही थेरपी कधी संपेल? शेवटच्या प्रश्नावर चिडणारे केंद्र टाळलेले बरे, कारण थेरपी ही मुळात सुटणारी मदत आहे. स्वमग्नता ‘बरी’ करण्याची हमी देणारे, मूलपेशी उपचारांसाठी लाखो रुपये मागणारे यांच्यापासून तर दूरच राहावे. त्या उपचारांना शास्त्रीय आधार नाही. एडीएचडीसाठी मात्र परिणामकारक औषधे आहेत. ती द्यायची की नाही हे बालरोग किंवा मनोविकारतज्ज्ञ ठरवतात, आणि सहा वर्षांखालील मुलांत औषधाआधी पालकांच्या प्रशिक्षणाचा मार्ग धरला जातो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा खरा, पण पुढच्या सगळ्या सोयी त्यावर उभ्या असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अक्षमतेचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत येतात. एडीएचडी स्वतंत्रपणे येत नाही. ही उणीव मोठी आहे आणि तिच्यामुळे अनेक मुले मधल्यामध्ये लोंबकळतात. एडीएचडीच्या जोडीला अध्ययन अक्षमता असेल तर त्या नावाने प्रमाणपत्र मिळते, म्हणून दोन्हींची तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण होण्याआधी देत नाहीत. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. याचा अर्थ मदतीसाठी आठव्या वर्षापर्यंत थांबायचे असा मात्र नाही. पहिलीतल्या मुलाला अक्षरे लागत नसतील तर शिकवण्याची पद्धत त्याच आठवड्यात बदलता येते, तिला कुणाच्या सहीची गरज नसते. प्रमाणपत्राबरोबर युडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढावे. सगळे अहवाल तारीखवार एका फाइलमध्ये ठेवावेत आणि तपासणी करणाऱ्याकडून शाळेने काय करावे हे लेखी मागून घ्यावे. नुसता बुद्ध्यंकाचा आकडा वर्गशिक्षकांच्या काही कामाचा नसतो.

घरची मराठी, शाळेची हिंदी

१९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी आणली. त्यांची तिसरी-चौथी पिढी घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलते. अशा घरातले मूल उशिरा बोलू लागले की पहिला सल्ला मिळतो, ‘घरात एकच भाषा ठेवा’, आणि वगळली जाते ती मराठीच. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडणारी स्वमग्न मुले एकभाषिक स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे पडतात, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आई-बाबा स्वतःला न सरावलेल्या इंग्रजीत मुलाशी तुटक बोलू लागतात आणि आजी-आजोबांशी त्याचे बोलणे खुंटते. जी व्यक्ती ज्या भाषेत मोकळी बोलते तिने त्याच भाषेत बोलावे, फक्त वाक्ये लहान ठेवावीत. मूल न बोलणारे असेल तर चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचा तक्ता किंवा ॲप वापरावे. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मराठीत आणि हिंदीतही आहे. चित्रे दिली तर मूल बोलायचे थांबेल ही भीती निराधार आहे.

वाचनाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात हा भोपाळच्या मुलाचा फायदा. अक्षरे एकदाच शिकावी लागतात. पण डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला देवनागरीत इंग्रजीपेक्षा निराळे खड्डे लागतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकमेकींत मिसळतात. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो, त्यामुळे ‘किती’ वाचताना मूल पहिल्याच अक्षराशी अडते. ‘र’ तर बहुरूपीच: ‘कर्म’मध्ये डोक्यावर, ‘क्रम’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी. त्यात मराठीचे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे. घरी ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घ लिहायला शिकलेले मूल हिंदीच्या वहीत तसेच लिहिते आणि गुण गमावते, कारण हिंदीत ते शब्द ऱ्हस्व आहेत. हा गोंधळ डिस्लेक्सियाचा नाही, दोन नियमांचा आहे. तो ओळखून बाजूला काढला तर खरी अडचण किती हे कळते.

शिकवताना सारखी दिसणारी अक्षरे एकत्र देऊ नयेत. ‘घ’ हातात पक्का बसल्यावर काही आठवड्यांनी ‘ध’ आणावा. अक्षर रव्याच्या ताटात बोटाने गिरवावे, त्याच वेळी मोठ्याने म्हणावे. हात, डोळा आणि कान एकत्र चालले की ठसा पक्का होतो. शब्द टाळ्यांनी तोडावा: भो-पाळ, त-लाव. जोडाक्षरे सुट्या अक्षरांच्या पाठोपाठ न आणता मात्रा बिनचूक झाल्यावर आणावीत. देवनागरीचा अक्षरसंच मोठा असल्याने साधारण मुलांनाही चौथी-पाचवीपर्यंत त्यात पक्के व्हायला वेळ लागतो, तेव्हा दुसरीत घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तिसरीतही मूल अक्षर-अक्षर जोडत असेल तर तपासणी करावी. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलाची चाचणी निव्वळ इंग्रजीतून झाली तर तिच्या निष्कर्षावर विसंबू नये.

वाचन शिकण्याची मदत आणि ज्ञान मिळवण्याची वाट वेगळी ठेवावी, हे सर्वांत महत्त्वाचे. पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीचे वाचता येत असेल, तर त्याने इतिहासही दुसरीचाच शिकावा हे कोणते शहाणपण? धडा कुणीतरी वाचून दाखवावा, ध्वनिमुद्रित ऐकवावा, फोनवरून बोलून लिहू द्यावे. त्याची जिज्ञासा आणि शब्दसंपत्ती त्याच्या वयाच्या वेगाने वाढली पाहिजे.

अंकांचेही असेच आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि ४३ लिहिताना चार आधी लिहावे लागतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी सुटी वाचनपद्धत जोडीला दिली, तेव्हा केवढे वादळ उठले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. भाषेच्या अभिमान्यांचे काहीही म्हणणे असो, डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलाला ती पद्धत उपयोगी पडते. भोपाळच्या मुलाच्या कानावर त्रेचाळीस, तैंतालीस आणि फॉर्टी थ्री असे तिन्ही पडतात. आकडेमोडीसाठी त्यांतली एक भाषा ठरवून घ्यावी, शक्यतो शाळेची, आणि घरीही हिशेब त्याच भाषेत करावा. सुट्या नाण्यांऐवजी आता फोनवरून पैसे जातात, त्यामुळे पैसा डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. अशा मुलासाठी तरी घरात दहा-वीसच्या नोटा आणि नाणी ठेवावीत.

घरचे काम

घरातले कोणतेही काम मोठ्यांना एक वाटते, मुलाला ते दहा कामांचे गाठोडे असते. दात घासणे म्हणजे ब्रश घेणे, पेस्टचे झाकण काढणे, पेस्ट लावणे, झाकण परत बसवणे, पुढे घासणे, मागे घासणे, चूळ भरणे, ब्रश धुणे, जागेवर ठेवणे. या पायऱ्या चित्रांत किंवा शब्दांत लिहून बेसिनजवळ चिकटवाव्यात. मग मोठ्यांनी सर्व पायऱ्या करून दाखवाव्यात आणि शेवटची तेवढी मुलाला करू द्यावी. ती जमली की शेवटून दुसरी. असे उलटे शिकवण्यात खुबी ही, की काम दर वेळी मुलाच्या हातून पूर्ण होते आणि संपवल्याचे समाधान त्याला रोज मिळते. सुरुवातीपासून शिकवले तर ते रोज मध्येच अडते आणि उरलेले मोठे माणूस वैतागून पूर्ण करते.

मदत कमी करण्याची पायरी ठरलेली असावी. आधी हात धरून, नंतर खुणेने, मग फक्त तक्त्याकडे बोट दाखवून, शेवटी नुसते जवळ उभे राहून. बोलणे शक्य तितके कमी करावे, कारण तोंडी सूचनेची सवय सर्वांत चिवट असते. ‘आता काय करायचं रे?’ असे विचारल्याशिवाय न हलणारी मुले पुष्कळ दिसतात. सांगितल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबावे. काही मुलांना ऐकलेले उमगून कृतीत यायला तेवढा वेळ लागतो आणि सातव्या आकड्याला आलेली दुसरी सूचना पहिलीला पुसून टाकते.

एडीएचडी असलेल्या मुलाला काय करायचे ते ठाऊक असते, वेळेवर सुरू करता येत नाही. तिथे उपदेशाचा उपयोग शून्य. उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे घड्याळ, पंधरा मिनिटांचे काम आणि मग उठायची मुभा, अभ्यासाच्या टेबलाशेजारी स्वतःचे काम करत बसलेले मोठे माणूस, रात्रीच दाराशी ठेवलेले दप्तर, अशा बाहेरच्या आधारांचाच उपयोग होतो. आठवणीचे काम माणसाकडून वस्तूकडे न्यावे, हा इथला नियम. आईच्या हाकेची जागा भिंतीवरच्या यादीने घेतली की मूल यादीवर अवलंबून राहते. आणि यादीवर तर मोठी माणसेही अवलंबून असतात.

मूल जमिनीवर लोळून ओरडते तेव्हा तो हट्ट आहे की सहनशक्ती संपली आहे, हे पाहावे. हट्टात मूल समोरच्याचा चेहरा न्याहाळत असते. आवाज, प्रकाश, गर्दी असह्य झाल्यावर ते कुणाकडे पाहतही नाही. अशा वेळी शिकवू नये, रागावू नये, प्रश्न विचारू नयेत. आवाज कमी करावा, गर्दी हटवावी, थांबावे. नंतर शांतपणे काय घडले याची नोंद करावी. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून कारण सापडते. बहुतेकदा ते कुकरची शिट्टी, शाळेच्या व्हॅनमधली दाटी किंवा न सांगता बदललेला बेत असे साधेच निघते.

शाळेत काय मागावे

मान्यताप्राप्त शाळेला अक्षमतेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा अधिक अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत दर १० आणि पुढच्या वर्गांत दर १५ अशा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. प्रत्यक्षात किती शाळांत तसा शिक्षक आहे, हे पालक जाणतातच. तरीही मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. नकार लेखी मिळाला तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येते. एनसीईआरटीचे ‘प्रशस्त’ हे प्राथमिक पडताळणीचे ॲप शाळांसाठीच आहे, ते शिक्षकांच्या नजरेस आणून द्यावे.

भांडणापेक्षा एक पानाची ओळख जास्त काम करते. शाळेचे वर्ष सुरू होताच वर्गशिक्षकांना एका पानावर मुलाला काय आवडते, कशाने बिथरते, काय केल्याने शांत होते आणि कोणत्या दोन-तीन सोयी हव्यात एवढेच लिहून द्यावे. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मागण्या पेलवत नाहीत. पुढच्या बाकावर दारापासून दूर जागा, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी फोटो, वीस गणितांऐवजी त्याच प्रकारची आठ, दर अर्ध्या तासाने काही तरी पोचवायला कार्यालयात पाठवणे, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे या सोयींना पैसा लागत नाही.

वर्गात शेजारी बसणारी खासगी मदतनीस नेमण्याची प्रथा इंग्रजी शाळांतून वाढते आहे. काही मुलांना ती हवीच असते. पण कित्येकदा ती मदतनीस मूल आणि वर्ग यांच्यामधली भिंत होते. शिक्षक मुलाशी बोलायचे सोडून तिच्याशी बोलतात, मुले खेळायला बोलवायची थांबतात. तिने कोणत्या तासाला मागच्या बाकावर सरकायचे आणि कोणत्या महिन्यात तो तास सोडायचा, हे नेमतानाच लिहून ठेवावे.

परीक्षेच्या सोयी मात्र टिकणाऱ्या आहेत आणि त्या घेण्यात कमीपणा नाही. सीबीएसईत पात्र विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. लेखनिक मिळतो, दहावीला दोन भाषांऐवजी एकच सक्तीची भाषा घेता येते. अर्ज शाळेमार्फत, नोंदणीच्या वेळीच करावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नसतो. लेखनिकाला सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. उत्तर मनात जुळवायचे, वाक्यावाक्याने सांगायचे, मध्ये थांबायचे, लिहिलेले ऐकून दुरुस्त करायचे, याचा सराव नववीपासून हवा. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीही वाट आहे. विकास कुमार या परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकाची सोय त्या टक्केवारीशी बांधता येणार नाही असे ठरवले आणि २०२२ मध्ये केंद्राने लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मुक्त विद्यालयाचा पर्याय चांगला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात एका प्रवेशावर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय एकेक करून सोडवता येतात. पण आठवीतच ‘याला मुक्तमधून बसवा’ असे शाळा सुचवते, तेव्हा त्यात शाळेची सोय किती आणि मुलाचे हित किती हे तपासावे. मूल शाळेत केवळ विषय शिकत नाही. रांगेत उभे राहणे, डबा वाटून खाणे, भांडण मिटवणे तिथेच शिकते, आणि याच गोष्टी त्याला मुद्दाम शिकाव्या लागतात.

पाठांतरात मागे पडणाऱ्या मुलाला विचारात मागे समजण्याची खोड आपल्या परीक्षांनी लावली आहे. याच प्रदेशात तिला उत्तर दिले गेले होते. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले प्रयोग करून शिकत आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालवला; २००२ मध्ये तो बंद झाला. मुलांसाठीचे ‘चकमक’ मासिक आणि करून पाहण्याची पुस्तके एकलव्य अजूनही काढते. हाताने जुळवून शिकणाऱ्या मुलासाठी ती शिकवणीपेक्षा उपयोगी आहेत.

घराबाहेर

आत्मविश्वास ‘तू करू शकतोस’ या वाक्याने येत नाही. कालपर्यंत न जमलेली गोष्ट आज एकट्याने जमली, या अनुभवाने येतो. म्हणून शाबासकीही नेमकी असावी. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘बस चुकली तेव्हा तू दुसरीची वाट पाहिलीस’ हे सांगणे मुलाच्या लक्षात राहते. निवड करण्याची संधी रोज द्यावी: दोन शर्टांतला एक, दोन भाज्यांतली एक. पुढे ती खर्चाच्या निवडीपर्यंत न्यावी. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे.

गर्दीची सवय गर्दीत ढकलून लागत नाही. श्यामला हिल्सवरचे मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांवर पसरलेले आहे; सोमवारी ते बंद असते, पण इतर वारी सकाळी तिथे शांतता असते आणि तिथली एकेक आदिवासी झोपडी पाहत हवे तेवढे रेंगाळता येते. जवळच्या आंचलिक विज्ञान केंद्रात यंत्रांना हात लावून पाहता येते. जाण्याआधी त्या जागेचे फोटो दाखवावेत, किती वेळ थांबायचे आणि परत कधी यायचे हे सांगून ठेवावे. मुलाने ‘पुरे’ची खूण केली की खरोखर निघावे, खूण पाळली जाते हे कळले की पुढच्या वेळी ते जास्त थांबते. गणेशोत्सवात मंडळाच्या आरतीला ढोल-ताशांचा दणका उडण्याआधी अर्धा तास जावे आणि मुलाला एक ठरलेले काम द्यावे, खिरापतीचे द्रोण मोजून मांडण्यासारखे. हाती काम असलेले मूल पाहुणा राहत नाही, आणि ‘हा असा का करतो?’ असे विचारणारे काका-काकूही त्याला कामामुळे ओळखू लागतात.

शहराच्या लाल बसने एकट्याने जाणेही पायऱ्यांनीच शिकवावे. आधी सोबत, नंतर त्याच बसमध्ये चार सीट मागे, मग थांब्यावर उतरवून घ्यायला, शेवटी फोनवर. खिशात नाव, घरचा नंबर आणि ‘मला बोलायला वेळ लागतो’ असे हिंदीत लिहिलेले कार्ड असावे.

स्वतःविषयी मुलाला सांगणे पुष्कळ घरांत टाळले जाते. मूल मात्र सातव्या-आठव्या वर्षीच आपण वेगळे आहोत हे ओळखते आणि त्याला स्वतःच एक नाव देऊन टाकते: मठ्ठ. त्यापेक्षा खरे नाव साध्या शब्दांत सांगितलेले बरे. काय सोपे जाते, काय जड जाते, जड जाते तेव्हा काय मागायचे, एवढे त्याला कळावे. ‘सर, मला हे लिहून द्याल का?’ हे वाक्य ज्या मुलाला स्वतः म्हणता येते त्याने अर्धी लढाई जिंकलेली असते. शाळेच्या बैठकीत सहावीपासून त्याला दहा मिनिटे तरी बसवावे आणि एक मागणी त्याच्या तोंडून येऊ द्यावी.

१८ वर्षे पूर्ण होतात तेव्हा कायदा मुलाला प्रौढ मानतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था मोलाची आहे, पण वाढदिवस झाला की अर्ज करायचा अशी घाई करू नये. २०१६ च्या अधिनियमात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात निर्णय ती व्यक्ती आणि तिचा पालक या दोघांनी मिळून घ्यायचे असतात आणि अनेक स्वमग्न तरुणांना त्याहून अधिक लागत नाही. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पात्र दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयातही पाच वर्षांची सवलत आहे. अध्ययन अक्षमतेचे अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे असते. महाविद्यालयात मात्र सोयी आपणहून कुणी देत नाही, अर्ज विद्यार्थ्यालाच करावा लागतो. म्हणून दहावीपासूनचे सर्व अर्ज त्याच्याच हाताने, किंवा त्याने सांगितलेल्या शब्दांत, भरून घ्यावेत आणि फाइलही त्याच्याच कपाटात ठेवावी.